कोयता कुणी घडवला, तेही लिहा

महोदय,

कोयता, सुरी, चाकू हे शब्द वर्तमानपत्रात बहुतेक वेळा गुन्ह्याच्या बातमीत येतात. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांच्या कानात तर ‘कोयता’ म्हटलं की आता पोलीस ठाणंच येतं. मला याच वस्तूबद्दल लिहायचंय, पण ती घडवणाऱ्या हातांबद्दल.

मी चिंचवडला राहतो. एकतीस वर्षं कारखान्यात भट्टीवर, म्हणजे हीट ट्रीटमेंट विभागात काढली. पाती जमवायचा नाद शाळेपासूनचा. आज घरात विळ्या, कोयते, अडकित्ते, न्हाव्याचे वस्तरे आणि घडीचे चाकू मिळून साठेक नग आहेत. (नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शेतीचं, घरकामाचं किंवा कारखान्यातलं अवजार नसेल, तर आपल्याकडे ते शस्त्र नियमांत येतं. नव्यानं जमवायला लागलेल्यांनी हे आधी समजून घ्यावं. मी तलवारी-खंजिरांच्या वाटेला गेलेलो नाही.)

माझी मुलगी अमेरिकेत अटलांटाजवळ राहते. २०२३ च्या जूनमध्ये तिच्याकडे गेलो तेव्हा तिथलं ‘ब्लेड शो’ हे प्रदर्शन पाहिलं. शुक्रवार ते रविवार असं तीन दिवस ते चालतं. कॉब गॅलेरिया सेंटर नावाच्या मोठ्या इमारतीत शेकडो टेबलं मांडलेली होती आणि कित्येक टेबलांमागे तो चाकू ज्यानं स्वतः घडवला तो कारागीर उभा होता. मधे दुकानदार नाही, दलाल नाही. काळे पडलेले तळवे, बोटांवर भाजल्याचे जुने डाग. असे हात मी जन्मभर पाहिलेत, त्यामुळे परक्या देशात असल्यासारखं वाटलंच नाही.

तिथे वागायची एक रीत आहे. विचारल्याशिवाय टेबलावरची वस्तू उचलायची नाही. उचलली तर मुठीला धरायची, पात्यावर बोटं टेकवायची नाहीत, कारण बोटाच्या घामानं साध्या कार्बन पोलादावर रात्रीत गंज धरतो. अंगठ्यानं धार बघायची नाही. परत देताना मूठ त्याच्याकडे करायची. आपण खाली ठेवलं की कारागीर मऊ फडक्यानं पातं पुसून पुन्हा मांडतो. हे दिवसभरात तो किती वेळा करत असेल, कोण जाणे. ज्याच्या वस्तूला गिऱ्हाइकं जास्त, तो नावाच्या चिठ्ठ्या गोळा करतो आणि ठरलेल्या वेळेला सगळ्यांसमोर एक उचलतो. ज्याचं नाव निघेल त्याला तो चाकू ठरल्या किमतीत मिळतो. मी एकदा चिठ्ठी टाकली, नाव निघालं नाही. निघालेला मुलगा विशीतला होता आणि त्याचे हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी एका टेबलापाशी मी तासभर रेंगाळलो. शिकारीत वापरतात तसा छोटा चाकू होता, पातं चार इंचांचं. मुठीजवळ धार सुरू होण्याआधी दोन अक्षरं ठोकलेली होती, ‘जे. एस.’ म्हणजे जर्नीमन स्मिथ. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही लोहारांची संस्था १९७६ मध्ये उभी राहिली. तिची परीक्षा उतरल्याशिवाय ही अक्षरं पात्यावर ठोकता येत नाहीत. परीक्षा अशी: स्वतः घडवलेल्या एकाच सुरीनं लोंबकळती एक इंच जाडीची दोरी एका घावात तोडायची. मग लाकडाचा जाड वासा दोनदा तोडायचा. त्यानंतर त्याच धारेनं हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं व्हाइसच्या जबड्यात आवळून काटकोनात वाकवायचं. ते तुटलं तर नापास. यात पास झालं की मग पाच चाकू तज्ज्ञांपुढे ठेवायचे. त्यांची तपासणी याच प्रदर्शनात होते.

भट्टीवर काम केलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळते. केस निघायला धार कडक हवी आणि वाकून न तुटायला पाठ मऊ हवी. एकाच पात्यात दोन स्वभाव आणायचे. त्या टेबलामागच्या लोहारानं आपण ते कसं साधलं हे मला हातवारे करून दाखवलं: लाल पात्याची फक्त धारेकडची बाजू तेलात धरायची, पाठ बाहेर ठेवायची.

मी मोबाइल काढला आणि माझ्या गावच्या, संगमेश्वर तालुक्यातल्या कोयत्याचा फोटो त्याच्यासमोर धरला. नारळ सोलायला, कवळ म्हणजे पाल्याच्या फांद्या तोडायला हा कोयता आमच्या घरी पन्नास वर्षं चालला. वडील तो कमरेच्या आकडीत अडकवून झाडावर चढत. आमचे लोहारबुवा ट्रकचा जुना पाटा घेऊन कोयता करायचे, तापवलेल्या पात्याची दोन बोटं धार पाण्यात धरायचे आणि लगेच उचलायचे. मग विटेच्या तुकड्यानं थोडा भाग घासून लख्ख करायचे आणि त्यावर रंग कसा धावतो ते बघत बसायचे. पाठीत उरलेली धग धारेकडे सरकू लागली की आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. धारेवर पिवळा पोचला की पुन्हा पाण्यात. चर्रर्र. कारखान्यात याच कामाला आम्ही टेंपरिंग म्हणायचो आणि भट्टीचा काटा सव्वादोनशे अंशांच्या आसपास लावायचो. लोहारबुवांकडे काटा नव्हता. गाडीच्या पाट्याचं पोलाद तिकडच्या लोहारांनाही आवडतं. ते त्याला ५१६० म्हणतात.

तो माणूस फोटो मोठा करून करून बघत राहिला. मग त्यानं विचारलं, “हा कुणी केला? नाव काय त्यांचं?”

मी म्हणालो, “लोहार.”

त्यानं स्वतःच्या कार्डामागे ते इंग्रजीत लिहून घेतलं, नाव समजून. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की सांगायला माझ्याकडे दुसरं काहीच नाही. आईनं त्यांना दरवर्षी सुपानं भात घातला. मी त्यांच्या भात्याची दोरी ओढली. माझ्या पुढच्या आयुष्यातला सगळा पोलादाचा नाद त्या विटेवर घासलेल्या पात्यातून आला. आणि त्यांचं नाव मला माहीत नव्हतं.

त्या प्रदर्शनात ‘दमास्कस’ या नावानं नक्षीदार पाती खूप होती. दोन जातींची पोलादं एकावर एक ठेवून, भट्टीत जोडून, घड्या घालून शेकडो थर करतात आणि मग आम्लात बुडवतात. निकेल असलेला थर चकचकीत राहतो, दुसरा काळवंडतो. ही विद्या अमेरिकेत पुन्हा रुजवली ती बिल मोरन या लोहारानं, १९७३ मध्ये. पण मूळ दमास्कस तलवारींचं पोलाद थरांचं नव्हतं. ते मुशीत वितळवलेलं होतं आणि त्याच्या वड्या दख्खनमधून, दक्षिण हिंदुस्थानातून इराण-अरबस्तानात जायच्या. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्यातलं एक ठाणं. त्या नक्षीचं कोडं फ्लोरिडातला नालबंद आल्फ्रेड पेंड्रे आणि आयोवाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन यांनी वर्षानुवर्षं एकत्र प्रयोग करून सोडवलं: खनिजातल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या नगण्य अंशामुळे ती नक्षी उमटते. तिथले लोक पेंड्रेचं नाव आदरानं घेतात.

हे पोलाद लंडनच्या विद्वानांपुढे पहिल्यांदा नीट ठेवलं गेलं ते आपल्या मुंबईहून. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी नमुने तिथल्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर शोधनिबंध वाचला. पाठवणाऱ्याचं नाव राहिलं, ज्याला पाठवलं त्याचं राहिलं, तपासणाऱ्याचं राहिलं. मूस लावणाऱ्याचं नाही. अटलांटाच्या त्या दालनात उभा असताना मला समजलं की मीही आत्ता तेच करून बसलोय.

परत आल्यावर पहिल्या सुट्टीला गावी गेलो. लोहारबुवा जाऊन अठरा वर्षं झालीत. त्यांचा धाकटा मुलगा वेल्डिंगचं दुकान चालवतो, ग्रिल आणि गेट करतो. त्याच्याकडून नाव मिळालं. त्याची परवानगी घेतलेली नसल्यानं इथे छापत नाही, पण माझ्या वहीत कोयत्यासमोर आता ते लिहिलेलं आहे. त्यानं पडवीतल्या पेटीतून एक बोटभर लांबीचा पोगर, म्हणजे खूण ठोकायचा ठसा, काढून दिला. त्याच्या टोकाला तीन ठिपके होते. घरी येऊन कोयता उलटा केला. मुठीच्या लोखंडी कड्याखाली, गंजानं भरलेले, तेच तीन ठिपके. इतकी वर्षं मी त्याला तेल लावत होतो आणि मला ते दिसले नव्हते.

मला सुचतं ते लिहितो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. शिकताना रोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार, स्वस्त व्याजाचं कर्ज. हे चांगलंच आहे. पण अवजार घेऊन लोहारानं बसायचं कुठे? बाजारात दीडशे रुपयांत कारखान्याची सुरी मिळते, तिच्याशी त्याला भावात झुंजता येणार नाही. त्याला असं टेबल हवं जिथे गिऱ्हाईक त्याच्याशी बोलेल. पुण्यात भीमथडी जत्रा भरते, तालुक्यांत कृषी प्रदर्शनं होतात. तिथे मसाले, घोंगड्या, मातीची भांडी असतात. दहा लोहारांना दहा टेबलं द्या. टेबलावर ठळक नाव आणि गाव. विळी, खुरपं, कोयती मांडा. बाहेर मोकळ्या जागेत एक ऐरण ठेवा आणि तापल्या पात्याला पाणी कसं देतात ते दाखवा. मी अटलांटात एका चाकूला साडेचारशे डॉलर दिले ते पोलादाचे नव्हते, हे काम त्या माणसानं माझ्यासमोर उलगडून सांगितलं त्याचे होते. आमच्या लोहारबुवांना आपलं काम सांगता आलं असतं. त्यांना कुणी विचारलं नाही.

संग्रहालयांनाही माझी विनंती आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहताना मी तासन्‌तास घालवलेत, दिनकर केळकरांनी ते जमवले नसते तर वितळून गेले असते. आता नव्यानं काही जमा होईल तेव्हा वस्तूबरोबर घडवणाऱ्याचं नाव, निदान त्याची खूण नोंदवून घ्यावी.

आणि वाचकांना सांगणं एवढंच. घरात आजीची विळी असेल, शेतावर जुना कोयता असेल, तर मुठीजवळचा भाग रॉकेलच्या बोळ्यानं पुसून बघा. ठिपका, चांदणी, आडवी रेघ, काहीही असू शकतं. दिसलं तर गावातल्या वयस्कर माणसाला विचारा आणि लोहाराचं नाव, गाव, खूण या वर्तमानपत्राकडे कळवा. आपण दर रविवारी त्यातली दोन-तीन छापलीत तर मी माझ्या साठ नगांपासून सुरुवात करायला तयार आहे. त्यातल्या अकरांची नावं मला आत्तापर्यंत मिळालीत.

आपला,
एक संग्राहक,
चिंचवड