सोलापूरला ऊन नवीन नाही, मान्य

प्रिय सच्या,

काय बे, बरा आहेस ना? परवा डॅलसहून फोनवर तू हसत हसत म्हणालास, "ग्लोबल वॉर्मिंग वगैरे ठीक आहे रे, पण सोलापूर आधीपासूनच तापतंय, त्यात नवीन काय?" आणि लगेच मीटिंग आली म्हणून फोन ठेवलास. मला उत्तर द्यायचं राहून गेलं आणि ते काही डोक्यातून जाईना, म्हणून आता टाईप करत बसलोय, लांबलं तर दोन हप्त्यांत वाच.

तर ऊन नवीन नाही, मान्य. एप्रिल-मेमध्ये ४३-४४ आपण शाळेत असल्यापासून बघतोय. दुष्काळही नवीन नाही, ७२ च्या दुष्काळातल्या खडी फोडायच्या गोष्टी तुझ्या आजीकडूनच ऐकल्यात आपण. पण खरं सांगू का, दुष्काळ आपल्या लोकांना जमतो. कमी पाण्यात ज्वारी कशी काढायची, कडबा कसा पुरवायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. आता जे चाललंय ते कुणालाच पाठ नाही.

हे बघ, २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. एल निनो होता (पॅसिफिक समुद्राचं पाणी तापतं आणि आपला पाऊस घटतो तो प्रकार), तो नैसर्गिक असतो हे मलाही माहितीये, पण आता तो आधीच तापलेल्या जगात येतो. त्या पावसानं दगा दिला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली (म्हणजे धरणातला वापरायचा साठा संपून तळातलं पाणी उपसायची वेळ), ती पार उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीच उजनी भरून भीमेत पाणी सोडायची वेळ! मग २०२५ ला मे महिन्यातच धो धो पाऊस, आणि सप्टेंबरमध्ये सीनेला पूर. जी सीना उन्हाळ्यात ओलांडताना चप्पल भिजायची नाही ती माढा, मोहोळ, करमाळ्याच्या गावांत घराघरांत घुसली, लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद पडला. आणि गंमत (म्हणजे गंमत कसली) अशी की एवढं पाणी वाहून जात असताना शहरात नळाला पाणी मात्र चार-पाच दिवसांनीच.

हे असं का होतं तेही सांगतो, हसू नकोस. हवा एक डिग्री तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवते. म्हणजे एकीकडं जमिनीतली ओल जास्त ओढून घेते, आणि दुसरीकडं कोसळते तेव्हा एकदम कोसळते. त्यात वाढलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांच्या आसपास समुद्रानं पोटात घेतलीये, आपला अरबी समुद्रही तापलाय, तो काय गप्प बसणार का?

आणि तापतंय कशानं, तर कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरेंची चादर जाड झालीये. आपली सोलापुरी चादर अंगावर घेतली की अंगाचीच ऊब आत राहते ना, तसंच. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. स्वीडनच्या अऱ्हेनियस नावाच्या शास्त्रज्ञानं १८९६ मध्येच कागदावर हिशोब मांडला होता की हा गॅस वाढला तर पृथ्वी तापेल, आणि १९५८ पासून हवाईच्या मौना लोआवर तो सतत मोजतायत. तुझा तो पेटंट डायलॉग, "हवामान बदलतच असतं, सूर्याचं सायकल असतं", त्यालाही उत्तर आहे. सूर्यामुळं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते, ते तर उलट थंड होतायत. आणि हवेत वाढलेला कार्बन जुन्या गाडलेल्या इंधनातला (कोळसा, तेल) आहे हे त्याच्या आयसोटोपवरनं, म्हणजे कार्बनच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरनं कळतं. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात गरम वर्ष ठरलं, १८५०-१९०० च्या मानानं दीड डिग्रीच्या वर. पॅरिसला २०१५ मध्ये ज्या दीड डिग्रीच्या आत राहायचा प्रयत्न करू म्हणून देशांनी करार ठरवला, तोच दीड. म्हणजे एका वर्षानं करार मोडला असं नाही, तो सरासरीचा हिशोब असतो, पण कुठं चाललोय ते दिसतंच ना.

आता शेताचं ऐक, कारण खरी वाट तिथंच लागलीये. सांगोल्याच्या मामाचं डाळिंब तुला आठवतंय ना, आपण पोट दुखेपर्यंत खायचो. डाळिंबाला कोरडी हवा लागते, म्हणून तर ते आपल्याकडं रमलं. आता बहार धरला की मध्येच ढगाळ हवा, अवकाळी, आणि मग तेल्या रोग पसरतो, फळावर काळे डाग पडून तडकतं. मामा म्हणतो औषधाच्या फवारण्या वाढल्या तेवढ्यात अजून एक बाग झाली असती. ज्वारीचं तर अजूनच अवघड. मंगळवेढ्याची काळी जमीन, हस्ताचा पाऊस झाला की वाफसा (पेरणीजोगी ओल) बघून मालदांडी ज्वारी पेरायची आणि पुढं सगळं त्या ओलीवर, वरनं पाणी नाही. पण सप्टेंबरभर पाऊस थांबेचना तर वाफसा येणार कधी आणि पेरणार कधी? उशिरा पेरली की ओल संपते, दाणा भरत नाही. कडबा गेला की जनावरं विकायची पाळी. टीव्हीवर "अतिवृष्टी" म्हणून दोन मिनिटं दाखवतात आणि संपलं.

दोष कुणाचा म्हणशील तर आधी तुझ्याकडंच बोट दाखवतो लेका. अमेरिकेत माणशी वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, आपल्याकडं दोन टन. आजवर हवेत गेलेल्यातला जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा. त्यामुळं डॅलसच्या एसीत बसून मला "सगळ्यांनीच लाईफस्टाईल बदलायला पाहिजे" सांगू नकोस, पोकळ गोष्टी वाटतात त्या. मामाच्या बागेनं काय बदलायचं होतं?

पण आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. माणशी नाही, एकूण कार्बनचा आकडा घेतला तर आपला देश जगात तिसऱ्या नंबरवर आहे. फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी कंपनीचा १३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प कोळशावरच चालतो, पाणी उजनीचंच. आणि ऊस! दुष्काळी जिल्हा म्हणवतो आणि सगळ्यात जास्त साखर कारखाने असणाऱ्यांत आपला नंबर. हे हवामानानं केलेलं नाही, हे आपणच केलंय, आणि यावर निवडणुकीत कुणी तोंड उघडत नाही, कारण बहुतेकांचा कुठल्या ना कुठल्या कारखान्याशी संबंध. मला तर वाटतं सोलारचं गाडं पुढं नेणं सोपं आहे, उसाचं कुणी बोलणार नाही.

बरं, तू जानेवारीत यायचं म्हणत होतास ना, गड्ड्याची यात्रा आणि हुरडा दोन्ही एकाच फेरीत? ते जमेलसं वाटत नाही. यात्रा संक्रांतीलाच आहे, पण यंदा पेरण्या मागं गेल्यात, हुरडा तेव्हा कोवळाच असेल बहुतेक. वहिनींना विचार कुठलं पाहिजे आणि मग तिकीट काढ. मामाला विचारून मीही तारीख कळवतो. येताना माझ्यासाठी चॉकलेटं नकोत, ते मागच्या वेळचं हेडलाईट टॉर्च आण, मामाला रात्री मोटर चालू करायला जायला लई उपयोगी पडतंय.

तुझाच,
मन्या