निवड समितीचं काम तू करू नकोस

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, त्या उन्हाळी फेलोशिपला आयसरची, आयआयटीची मुलं अर्ज करतात. आमच्या वर्गातलं कुणीच भरत नाहीये. मीपण राहू देते." घरात पाहुणे होते, म्हणून तेव्हा काही बोलता आलं नाही. पण ते 'राहू देते' काही डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर माझी इतकी वर्षं गेली. नामंजूर झालेले अर्ज पाहिले, त्रुटीत अडकलेले तर त्याहून जास्त. पण भरलेच गेले नाहीत असे अर्ज किती, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. चांगल्या मार्कांची मुलं, त्यातही मुली जास्त, नोटीस बोर्डापाशी येतात, शेवटपर्यंत वाचतात आणि "आपल्याला कुठलं मिळतंय" म्हणून निघून जातात. मला ते बघवत नाही. तू योग्य आहेस की नाही हे ठरवायला तिथे माणसं नेमलेली आहेत. त्यांचं काम तू आधीच उरकून टाकू नकोस. तुझं काम अर्ज खरा लिहिणं, पुरा भरणं आणि वेळेत पाठवणं, एवढंच आहे.

शिवाय ही फेलोशिप तुझ्यासारख्यांसाठीच आहे. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून ती देतात. उन्हाळ्यात साधारण दोन महिने देशातल्या एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम करायला मिळतं. ज्यांच्या कॉलेजात मोठी प्रयोगशाळा नाही, त्यांना तिचं दार उघडावं म्हणूनच अशा योजना असतात. आयसरच्या मुलाला ती प्रयोगशाळा रोजच दिसते. गरज कुणाला जास्त आहे, सांग बघू?

कमला सोहोनींचं तुला माहीत आहे, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी पहिल्या क्रमांकाने पास झाल्या आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला. त्या तिथवर गेल्या, समोर उभ्या राहिल्या आणि कारण विचारलं. शेवटी एक वर्ष काम बघू, मग ठरवू, अशा अटीवर घेतलं. पुढे शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन असतं हे बटाट्यावर काम करताना दाखवलं आणि 1939 मध्ये पीएचडी झाल्या. त्यांना 'नाही' म्हणणारं माणूस तरी समोर होतं, मनू. तुला अजून कुणी काही म्हटलेलंसुद्धा नाही.

आता तू पाठवलेल्या निवेदनाविषयी. मी बीकॉम झालेली, वनस्पतिशास्त्र मला कळत नाही, पण अर्ज वाचता येतो. पहिलंच वाक्य आहे, "लहानपणापासून मला निसर्गाची आवड आहे." ते काढ. पुढे "देशाच्या विकासात योगदान देण्याची इच्छा" आहे, तेही काढ. वाईट आहे म्हणून नाही. ते तुझ्या जागी कुणीही लिहू शकेल, म्हणून. वाचणाऱ्यापुढे गठ्ठाच्या गठ्ठा पडलेला असतो. आता तर मोबाइलला सांगितलं की तो गोड इंग्रजीत पानभर लिहून देतो, त्यामुळे सगळे अर्ज सारखेच दिसत असणार. त्यात तुझा वेगळा कशावरून दिसेल?

गणपतीत तू घरी आली होतीस तेव्हाचं आठव. मागच्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, पावसात पालथी पडून, भिंग आणि पट्टी घेऊन, तू डबक्यांच्या कडेची माती मोजत होतीस. संध्याकाळी चिखलाने माखलेली वही मला दाखवलीस. जिथे माती दोन-तीन सेंटिमीटर, पाणी साचलेलं, तिथे सीतेची आसवं फुललेली. जरा जास्त माती धरली तिथे पांढरे गेंद. बांधाकडे माती खोल झाली की तेरडा. आणि पलीकडे चिरेखाण सुरू झाली त्या बाजूच्या डबक्यांत पाणी टिकतच नाही, तिथे आसवं दिसली नाहीत. मग तूच म्हणालीस, "पण आई, हे खाणीमुळेच झालं असं मी नाही म्हणू शकत, मी एकच पावसाळा बघितलाय." मला ते वाक्य फार आवडलं होतं. हेच लिही. काय पाहिलंस, कसं मोजलंस, कशाची खात्री नाही, आणि ती खात्री करायला तुला कुठलं तंत्र शिकायचं आहे. तुझ्या अर्जाचा जीव तिथे आहे. आवड वगैरे त्यातूनच कळते, वेगळी सांगावी लागत नाही.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. आधी मला फोनवर सांगतेस तसं मराठीत लिहून काढ, मग छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजी कर. व्याकरण कुणाकडून तपासून घ्यायला हरकत नाही, पण मजकूर दुसऱ्याचा नको. आणि थोडक्यात लिही. कमलाबाईंचा प्रबंधसुद्धा अवघ्या 40 पानांचा होता म्हणतात.

शिफारसपत्राचं मात्र तू चुकीच्या टोकाने धरते आहेस. विभागप्रमुखांचं पत्र घ्यायचं म्हणालीस, कारण त्यांचं नाव मोठं. पण ते तुला किती ओळखतात? "ही विद्यार्थिनी नियमित व होतकरू आहे" यापलीकडे ते बिचारे काय लिहिणार? हर्बेरियमचं, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचं काम जिच्या हाताखाली केलंस, जिने तुझी चुकीची ओळखलेली चार झाडं परत करायला लावली, त्या मॅडमना विचार. त्या तरुण आहेत, पद लहान आहे, म्हणून मागे हटू नकोस. तुला काम करताना बघितलेलं माणूस दोन ओळी लिहील त्याला वजन असतं.

विचारायचं तेही नीट. वर्गाच्या दारात, चालता चालता नको. वेळ मागून घे. मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी जा. बरोबर एक पान ने: कुठली फेलोशिप, शेवटची तारीख कोणती, तू त्यांच्याकडे काय काय केलंस, आणि तुझं निवेदन. त्यांना ईमेलवर लिंक येईल हे सांग, कारण ती बरेचदा स्पॅममध्ये जाते आणि अर्ज पूर्ण दिसत असूनही पत्राविना राहतो. मुदतीच्या आठवडाभर आधी एकदा नम्रपणे आठवण कर, त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. आणि कुणी म्हणालं की "तूच लिहून आण, मी सही करतो," तर ते करू नकोस. आपल्याकडे हे सर्रास चालतं, मला पटत नाही. स्वतःविषयी स्वतःच लिहिलेलं कळून येतं. "सर, मी मुद्दे काढून देते, पत्र तुमच्या शब्दांत असू दे," असं म्हण. आदर ठेवून म्हटलेलं कुणी वाईट मानत नाही.

आता कागदपत्रं. हा माझा प्रांत आहे, त्यामुळे यात वाद घालू नकोस. तुझ्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी, आणि बँकेत बाबांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. परीक्षेच्या अर्जात दहावीच्या मार्कशीटप्रमाणे नाव भर आणि सगळीकडे तेच ठेव. बँकेचं नाव सुटीत दुरुस्त करून घेऊ. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात जमा होणारे पैसे तू अर्जात लिहिलेल्या खात्यात येतातच असं नाही, आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं त्या खात्यात जातात. तू मध्ये मोबाइलवरून ते नवीन खातं उघडलंस ना, तिथे आधार दिलं असशील तर आधी तपास. माझ्या टेबलापुढे "पैसे आलेच नाहीत" म्हणून रडवेली झालेली मुलं येतात आणि पैसे दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात पडून असतात.

आणखी एक. आपलं राज्याचं नॉन-क्रीमी लेअर आहे, पण नेटला, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसाठीच्या परीक्षेला, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. ते वेगळं काढावं लागतं, आणि जाहिरातीत दिलेल्या तारखांत बसणारं असावं लागतं. पुढच्या वर्षी तू एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला गेलीस की सीएसआयआर नेटला बसता येईल. तोवर दाखला हातात हवा.

नेटची तयारी आत्तापासून थोडी थोडी कर. 200 गुणांचा पेपर, तीन तास. लाइफ सायन्सेसमध्ये शेवटच्या भागात 75 प्रश्नांतले 25 सोडवायचे आणि त्यालाच 100 गुण. चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांतला पाव हिस्सा जातो. म्हणजे सगळं थोडं थोडं येणाऱ्यापेक्षा काही भाग खोल येणाऱ्याला तिथे फायदा आहे, आणि सड्यावर पालथं पडून माती मोजणारीला ते जमेल. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 आहेत, दोन वर्षांनी 42,000 होतात. आपल्या घराच्या मानाने ही रक्कम लहान नाही. तू नोकरी आणि संशोधन यांतलं एक निवडायचं म्हणून रात्र रात्र विचार करतेस, ते मला कळतं. जेआरएफ असली तर जास्तीत जास्त पाच वर्षं ते दोन्ही एकच होतं. फक्त दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे येतील असं धरून चालू नकोस, फेलोशिपचे हप्ते रखडतात. पहिले काही महिने आम्ही पाठवू. बाबांशी माझं बोलणं झालं आहे, त्यांनी आंब्याच्या पैशांतून ते बाजूला काढायचं ठरवलं आहे. हे तुला सांगायचं नाही असं त्यांचं म्हणणं होतं, पण मी सांगते, कारण पैशांमुळे तू मागे सरते आहेस असा मला संशय आहे.

परदेशाचं आत्ता डोक्यात घेऊ नकोस. ब्रिटन सरकारच्या चीवनिंग शिष्यवृत्तीला आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जमशेदजी टाटांनी 1892 मध्ये सुरू केलेली जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती, फेडावी लागते. जयंत नारळीकर त्यातूनच केंब्रिजला गेले. वेळ आली की बसून सगळ्याच्या अटी वाचू. अटी वाचल्याशिवाय कुठेही सही करायची नाही.

आणि नाही मिळाली तर? मला वाईट वाटेल, तुला तर वाटेलच. दोन दिवस वाटू दे. पण ते निवेदन, मॅडमचं पत्र, मोजमापांची वही हे सगळं तुझ्याकडेच राहतं आणि पुढच्या अर्जाला लागतं. यंदा निवड झाली नाही तर पुढच्या पावसाळ्यात सड्यावर परत जाऊ. दुसऱ्या वर्षाची मोजणी हातात येईल, आणि मग खाणीबद्दल तुला जे म्हणता येत नव्हतं त्यातलं थोडं तरी म्हणता येईल. मी छत्री धरायला येईन.

बाबा सोमवारी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात जाणार आहेत. तुझ्या रेशनकार्डाच्या पानाचा आणि जातीच्या दाखल्याचा स्वच्छ फोटो रविवारपर्यंत पाठव, सावली पडलेला नको. यंदाची शेवटची तारीख अकादमीच्या साइटवर स्वतः बघ, कुणाच्या स्टेटसवरून धरू नकोस. मॅडमना कधी भेटणार ते कळव. आजीने बेसनाचे लाडू केले आहेत, शनिवारच्या एसटीने पाठवते, रूममधल्या मुलींनाही दे.

तुझी,
आई