उपवासकाळ, पाडवा आणि सालगड्याचा हिशेब

मा. संपादक,

१८ फेब्रुवारी २०२६ ला राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, आहे. तिथून ५ एप्रिलच्या पुनरुत्थान सणापर्यंत (ईस्टर) विदर्भातल्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये उपवासकाळ पाळला जाईल. मधले सहा रविवार वगळले की हे चाळीस दिवस भरतात. संध्याकाळच्या प्रार्थना होतील, शुक्रवारचे उपास धरले जातील, मटण-मासे बंद, लग्ने बंद, काही घरांत चहासुद्धा बंद. यंदा १९ मार्चचा गुढीपाडवा याच काळात येतो. आपल्याकडे सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर राहणाऱ्या शेतगड्याचे, साल पाडव्याला संपते आणि नवे लागते. कापसाची शेवटची वेचणी, तुरीची मळणी, हरभऱ्याची सोंगणी हीदेखील तोवर उरकत आलेली असते. म्हणजे ज्या दिवसांत ख्रिस्ती शेतकरी देवापुढे गुडघे टेकतो, त्याच दिवसांत मजुरांच्या हिशेबाची वही त्याच्या घरात उघडी असते. उपास खरा की दिखाव्याचा हे बघायचे तर ती वही बघावी. चर्चमधल्या हजेरीवरून ते कळत नाही.

हे माझे पदरचे नाही. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या ५८ व्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास करतो, तुझे लक्ष का नाही? त्यांना उत्तर मिळते की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच मतलब साधता आणि आपल्या सगळ्या मजुरांना राबवून घेता. कॅथलिक मिस्सेत (उपासनेत) हा उतारा राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी वाचतात, इतर मंडळ्यांतही या काळात तो कधी ना कधी वाचला जातोच. वाचून झाला की पुस्तक मिटते आणि गीत सुरू होते.

सालगड्याच्या हिशेबात गडबड नेमकी कुठे होते ते सांगतो, कारण ती चोरी आहे असे करणाऱ्यालाही वाटत नाही. समजा साल १ लाख २० हजारांना ठरले. ३६५ दिवसांनी भागले तर दिवसाला ३२९ रुपये पडतात. वर्षात गड्याचे १८ नागे (गैरहजेरीचे दिवस) झाले, तर कापायचे ५ हजार ९२२ रुपये. पण पुष्कळ घरी नाग्याला वेगळा भाव लागतो, ‘त्या दिवशी मला ५०० रुपये रोजाने बाहेरचा माणूस लावावा लागला’ म्हणून. मग कपात होते ९ हजारांची. वरचे ३ हजार ७८ रुपये कुठून कुठे गेले, याचा विचार कोणी करत नाही. बाहेरचा माणूस खरेच लावला होता का, किती नाग्यांना लावला होता, आणि असा भाव लागेल हे साल ठरवताना बोलणे झाले होते का, हे तीन प्रश्न विचारले तर बहुतेक वेळा तिन्हींची उत्तरे मालकाच्या विरोधात जातात. शिवाय रात्री लाइन (वीज) आली की हरभऱ्याला ओलित करायला तोच गडी उठतो. त्या रात्रींना बाजारभाव कोणी लावत नाही.

दुसरी जागा उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांची. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला घेतलेली उचल मालकाच्या वहीत मालकाच्या हाताने लिहिली जाते आणि गड्याजवळ कागद नसतो. पाडव्याला बाकी निघाली की ती नव्या सालात ओढायची, कधी व्याजासकट, आणि ती फिटेपर्यंत त्याने दुसरे घर बघायचे नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आहे आणि उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणे त्याच कायद्याने वेठबिगारीच ठरते. शास्त्राची आज्ञा तर कितीतरी जुनी. निर्गम २२:२५ सांगते, गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नको. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १५ वा अध्याय त्यापुढे जातो: सातव्या वर्षी सुटणाऱ्या दासाला रिकाम्या हाताने पाठवू नको, आपल्या कळपातले, खळ्यातले, द्राक्षकुंडातले त्याच्या पदरात घाल. साल संपून जाणाऱ्या गड्याच्या हाती पायलीभर तूर ठेवणारी घरे आहेत, नाही असे नाही. पण ती चर्चच्या पहिल्या बाकावरच सापडतात असेही नाही.

कापसाच्या वेचणीत प्रकार आणखी बारीक असतो. मजुरी किलोवर, आणि काटा मालकाचा. गाठोडे टांगल्यावर काट्यावर साडेतेवीस दिसतात, वहीत तेवीस लिहिले जातात, अर्धा किलो ‘दवाचा’. पण तोल होतो वेचणी आटोपल्यावर, आणि तोवर सकाळचे दव उडालेले असते. वीस बायांच्या गाठोड्यांतून अर्धा-अर्धा किलो गेला तर रोजची दहा किलोची वेचाई मालकाकडे राहते. तोच मालक गाडी भरून जिनिंगवर जातो तेव्हा ओलाव्यावरून त्याचा भाव कापला जातो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कपास निगमच्या, खरेदीत ८ टक्क्यांच्या वर कपात सुरू होते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. तिथे मात्र त्याला अन्याय दिसतो, तो यंत्रावरचा आकडा पुन्हा बघायला लावतो. वेचणाऱ्या बाईला आकडा पुन्हा बघायला मागता येतो का? लेवीय १९:३५-३६ मध्ये खऱ्या काट्याची आणि खऱ्या वजनाची आज्ञा आहे, आणि ती त्याच अध्यायात आहे ज्यात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगितले आहे. एक आज्ञा आपल्या लेकरांना तोंडपाठ असते, दुसरी संडे स्कूलच्या भिंतीवर कधी रंगवलेली दिसत नाही.

करायचे असेल तर ते सोपे आहे. तोलायच्या आधी रिकामा काटा शून्यावर आहे हे बायांना दाखवावे. रिकामे फडके एकदा तोलून त्याचे वजन लिहावे आणि तेवढेच वजा करावे. आकडा मोठ्याने वाचावा आणि अर्धा किलो दिसला तर अर्धा लिहावा. मजुरीचा चुकारा बाजाराच्या आदल्या संध्याकाळी करावा. अनुवाद २४:१५ म्हणते की मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी. आपल्याकडे आठवडी बाजारावर चुकारा करायची रीत मजुरांनीही मान्य केली आहे, त्याला हरकत नाही. पण बाजार हुकला तर त्या घरात आठ दिवस तेल-मीठ उधारीवर येते, हे चुकारा ‘पुढच्या बाजारी’ ढकलताना ठाऊक असावे. सोयाबीनची कापणी गुत्त्याने (ठेक्याने) दिली तर पैसे मुकादमाच्या हाती जातात, तिथे प्रत्येकाला किती पोचले हे विचारणेही मालकाचेच काम आहे.

मग प्रवचनांतून हे ऐकू का येत नाही? खेड्यातल्या मंडळीचे गणित पाहिले की उमगते. पाळकसाहेबांचा पगार, बंगल्याची दुरुस्ती, वार्षिक संमेलनाची वर्गणी हे सारे सभासदांच्या देणगीवर चालते. मोठी देणगी देणारे चार-पाच जण असतात, तेच मंडळीचा कारभार बघणारे पंच असतात. आपल्यातले बहुतेक लोक मजूर किंवा तीन-चार एकरांचे धनी. सालगडी असतो तो शिक्षक, नोकरदार किंवा निवृत्त झालेल्यांच्या शेतावर. म्हणून प्रवचन दारूवर होते, तंबाखूवर होते, रविवारी कामाला जाण्यावर होते. ही पापे वाईटच आहेत, पण ती सारी मागच्या बाकावर बसणाऱ्यांची आहेत. याकोबाच्या पत्रात (५:४) शेते कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते असे लिहिले आहे. त्या वचनावर प्रवचन करायला पाळकाजवळ पुढच्या महिन्याच्या पगाराची हमी लागते. यात एकट्या पाळकाला दोष देऊन भागणार नाही.

संस्थाही यातून सुटत नाहीत. वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीचा आणि चौकीदाराचा पगार महिनोन्महिने थकलेला असताना नाताळला इमारतीवर रोषणाई होत असेल, तर तीही उपवासकाळात विचारण्याजोगीच गोष्ट आहे.

चूक झाली आहे हे उमजल्यावर काय करायचे, इथे सर्वांत जास्त फसगत होते. मनाला टोचणी लागते आणि माणूस पैसे चर्चला देतो. हंगामाच्या सणात लिलावातला भोपळा हजार रुपयांना घेतो, किंवा पंखा बसवून त्याच्या पात्यांवर आजोबांचे नाव रंगवतो. पंखा वारा देतो, चर्चला त्याची गरजही असते. पण ज्याचे पैसे कापले होते त्याला तो वारा लागत नाही. लेवीयाच्या ६ व्या अध्यायातला क्रम स्पष्ट आहे: लुबाडलेले असेल ते पुरते परत करायचे, त्यात पाचवा हिस्सा घालायचा, ते ज्याचे असेल त्यालाच द्यायचे, आणि मग दोषार्पण घेऊन याजकाकडे जायचे. वरच्या उदाहरणात ३ हजार ७८ आणि त्याचा पाचवा हिस्सा ६१६, असे ३ हजार ६९४ रुपये गड्याच्या हातात पडायला हवेत. जकातदार जक्कय तर चौपट द्यायला उठला होता (लूक १९:८). त्याने ‘मी पापी आहे’ एवढ्यावर भागवले नाही, प्रमाण सांगितले. आपल्या उपासनेतला सामुदायिक पापांगीकार सुंदर आहे, पण तो सगळ्यांचा मिळून असल्यामुळे त्यात कोणाचाच आकडा येत नाही. कॅथलिकांच्या पापनिवेदनात फादर भरपाई करायला सांगू शकतात. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती सोय नाही, तिथे माणसाने स्वतःच वही घेऊन बसायला हवे.

याला जोडून प्रभुभोजनाचे, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीचे. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे वेदीजवळ आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा. हे प्रत्यक्षात घडायला वेळ लागतो. म्हणून प्रभुभोजनाची सूचना आदल्या रविवारी नव्हे, दोन रविवार आधी द्यावी, म्हणजे मधे निदान एक बाजाराचा दिवस मिळतो आणि देणे-घेणे मिटवता येते. कोणाचे नाव मात्र चारचौघांत घेऊ नये. मत्तय १८ मधला क्रम पाळावा: आधी एकट्याने जाऊन बोलावे, मग एक-दोघांना सोबत न्यावे, मंडळीपुढे सर्वांत शेवटी. मंडळीची ग्रामसभा झाली की खरा पश्चात्ताप करणाराही गप्प बसतो.

मग उपास-तापास, राख, झावळ्या हे सारे फोल का? नाही. पुदिना, बडीशेप आणि जिऱ्याचाही दशांश मोजून देणाऱ्या परुश्यांना (कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांना) येशूने झोडपले ते न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल. दशांश सोडा असे तो म्हणाला नाही, हे करायचे होते आणि तेही सोडायचे नव्हते असे म्हणाला (मत्तय २३:२३). उपास धरावा, पण नीट धरावा. कॅथलिक शिस्तीत राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण, शिवाय दोन वेळा थोडेसे, आणि तेही १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांनीच. मार्च-एप्रिलच्या विदर्भाच्या उन्हात शेतात राबणाऱ्याने पाणी सोडून उपास करू नये, साखरेच्या आजाराची गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे बाजूला ठेवावेत. उपासाला साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि वर केळी असा बेत झाला तर रोजच्या भाकरीपेक्षा खर्च जास्त होतो, मग उपाशी शेजाऱ्याला द्यायला उरते काय? यशयाच्या त्याच अध्यायात पुढे भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याची गोष्ट आहे.

सालगडी आणि वेचणीच्या बाया पुष्कळदा ख्रिस्ती नसतात. त्यांना आपली गीते ठाऊक नसतात, काटा ठाऊक असतो. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही त्यात जागा ठेवली होती. म्हणजे रजिस्टरातले नाव आणि शिष्यपण यांतले अंतर मराठी ख्रिस्ती माणसाला शंभर वर्षांपूर्वीच माहीत होते. आणि देवाच्या नावाने कर्ज काढून जेवणावळी घालू नका असे कीर्तनातून बजावणाऱ्या गाडगेबाबांच्या मुलखात, इतर धर्मांच्या वाचकांनाही यातले काही परके वाटू नये.

म्हणून विदर्भातल्या मंडळ्यांच्या पंचांना एक सुचवावेसे वाटते. पाडव्याच्या आधीच्या रविवारी, १५ मार्चला, जाहीर सूचनांमध्ये चार गोष्टी वाचाव्यात: सालाचा हिशेब दोन प्रतींत लिहून एक गड्याला द्यावी, त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या शाळेत जाणाऱ्या लेकराकडून त्याच्यासमोर वाचून घ्यावी, नाग्याचा भाव सालाच्या रकमेवरूनच काढावा, उचलीवर व्याज लावू नये आणि बाकीसाठी माणसाला अडकवू नये. वाचायला दोन मिनिटे पुरतील. पाळकसाहेबांना अवघड वाटत असेल, तर पंचांपैकी ज्याच्या घरी सालगडी आहे त्यानेच उभे राहून ही सूचना वाचावी.

— एक मंडळी-सेवक, जि. यवतमाळ