कशाचा भंग, ते आधी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एरवी मी आपल्याला पाण्याच्या वेळा आणि रस्त्यावरचे खड्डे यांवर लिहितो. आजचे पत्र ‘इन कॉन्ट्राव्हेन्शन’ या इंग्रजी शब्दप्रयोगाबद्दल आहे, आणि तो माझ्या दारात आला म्हणून आहे.

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या वहिनी एक कागद घेऊन आल्या. वय त्र्याहत्तर, घरात एकट्या. कागद सोसायटीच्या लेटरहेडवर, सगळा इंग्रजीत, आणि मधल्या एका वाक्याखाली लाल रेघ : ‘यू हॅव अ‍ॅक्टेड इन कॉन्ट्राव्हेन्शन टू सोसायटी रूल्स अँड रेग्युलेशन्स.’ पुढे कायदेशीर कारवाईचा इशारा. भाच्याला फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवल्यावर त्याने ‘उल्लंघन’ असा अर्थ सांगितला होता. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, उल्लंघन म्हणजे ओलांडणं ना? दसऱ्याला सीमोल्लंघन करतात तसं? मी काय ओलांडलं हो? मला उंबरा ओलांडायचा तर भिंत धरावी लागते.”

कागदावर त्याचे उत्तर नव्हते. खालून वर, वरून खाली दोनदा वाचला. कोणता नियम, कुठल्या तारखेला, काय करून मोडला, यातले एक अक्षर नाही. चौकशी केल्यावर कळले की दाराबाहेरच्या तुळशीच्या कुंडीवर आणि चपलांच्या मांडणीवर हरकत आहे.

मी महसूल खात्यात ३४ वर्षे काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एक मसुदा तयार केला होता : ‘सदर इसमाने शर्तीचे उल्लंघन केले असल्याने त्याचेवर कारवाई प्रस्तावित आहे.’ मला तो फार भारदस्त वाटला होता. रावसाहेबांकडून तो परत आला तेव्हा समासात लाल शाईने एकच शब्द होता, ‘कशाचे?’ मी जाऊन सांगितले, “शर्तीचे, साहेब.” ते म्हणाले, “कोणत्या? जमीन देतानाच्या आदेशात नऊ शर्ती आहेत. माणसाने घरासाठी मिळालेल्या जागेत दुकान काढलं, की जागा न विचारता विकली? त्याला खुलासा करायचा तर कशाचा करील तो बिचारा?” त्या दिवसापासून आदेशाचा क्रमांक, दिनांक आणि शर्तीचा अनुक्रमांक लिहिल्याशिवाय मी ‘शर्तभंग’ हा शब्द कागदावर उतरवला नाही.

आणि हा शब्दच बघा ना. मराठीत नुसता ‘भंग’ उभा राहत नाही, त्याच्या पुढ्यात मोडलेली वस्तू आधी यावी लागते. शर्तभंग, करारभंग, शांतताभंग, विधिमंडळातला हक्कभंग, १९३० सालचा कायदेभंग. काय मोडले ते आधी, मोडले हे नंतर. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात एक शेरा असतो, तो शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे : ‘तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार’. १९४७ च्या त्या कायद्याने ठरवलेल्या प्रमाणापेक्षा शेतजमिनीचा लहान तुकडा विकला की हा शेरा बसतो. तीन शब्दांत कायद्याचे नाव आले, तो मोडला हे आले आणि काय करून मोडला हेही आले. सोसायटीच्या पत्रातल्या त्या वाक्याला हेच तर जमले नव्हते. शेरा वाचून पोटात गोळा येतो हे खरे, पण वकिलाकडे जाताना काय विचारायचे ते तरी माहीत असते.

इंग्रजीवर माझा राग नाही. ‘इन कॉन्ट्राव्हेन्शन’ हा कायद्याच्या भाषेतला रास्त प्रयोग आहे. लॅटिनमध्ये कॉन्ट्रा म्हणजे विरुद्ध आणि व्हेनिरे म्हणजे येणे. आपण ‘आडवा आला’ म्हणतो तसेच काहीसे. पण त्याच्यामागून ‘ऑफ’ येतो, ‘टू’ नव्हे, आणि त्या ‘ऑफ’च्या मागून कलम, खंड, शर्त असे काहीतरी बोट ठेवता येईल असे यावे लागते. आपल्या संविधानातच पाहा. अनुच्छेद १३ च्या दुसऱ्या खंडात हा प्रयोग आहे. मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा राज्याने करू नये, आणि या खंडाचे उल्लंघन करून केलेला कायदा त्या उल्लंघनापुरता शून्यवत ठरेल, असा त्याचा आशय. ‘या खंडाचे’ म्हटले आहे. ‘नियमांचे’ असे मोघम नाही. शिवाय तिथे तो शब्द सरकारला आवरायला वापरला आहे. आमच्याकडे तो तुळशीच्या कुंडीला लागला.

विशेष म्हणजे आमच्या समितीतले सगळे सभासद मराठी. सभा मराठीत, इतिवृत्त मराठीत, गणपतीच्या वर्गणीची पावती मराठीत. लिफ्ट बंद असल्याची सूचनाही मराठीत. धाक घालायचा झाला की मात्र इंग्रजी बाहेर येते, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखी. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम, मराठीत छापलेले मिळतात. त्यातला क्रमांक शोधून लिहायला दहा मिनिटे लागतात. पण मग तो क्रमांक समोरचाही उघडून वाचतो आणि कुंडी त्यात बसते की नाही, यावर बोलू लागतो. ती कटकट टाळायला ‘रूल्स अँड रेग्युलेशन्स’ बरे पडत असावे.

संपादक महोदय, थोडा दोष आपल्याकडेही आहे, राग मानू नका. ‘नियमांचे उल्लंघन करणाऱ्यांवर कारवाईचा बडगा’ हा मथळा मी इतक्या वेळा वाचला आहे की आता बडगा डोळ्यांसमोर येतो, उल्लंघन काही येत नाही. हॉटेलवाल्याने फुटपाथ अडवला, की स्वयंपाकघर घाण ठेवले, की पहाटेपर्यंत ढोल वाजवला? बातमीच्या शेवटच्या ओळीपर्यंत कधी कधी कळत नाही. दुचाकीवाल्याचे हेल्मेट नव्हते, तर ‘हेल्मेट नव्हते’ असे लिहावे. मोटार वाहन कायद्यात हेल्मेटचे कलम निराळे, दंडही निराळा. ‘वाहतूक नियमांचे उल्लंघन’ म्हटल्याने वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मराठीत मोडला, तोडला, ओलांडला, पायदळी तुडवला, धाब्यावर बसवला अशी एकाहून एक खमकी क्रियापदे आहेत, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. घाईत नियम मोडणारा आणि रोज उठून तो धाब्यावर बसवणारा, दोघांना ‘उल्लंघन करणारे’ अशा एकाच पोत्यात का घालायचे?

वहिनींच्या वतीने मी चार ओळींचे उत्तर लिहून दिले. मराठीत. ‘आपले पत्र मिळाले. माझ्याकडून कोणत्या उपविधीचा भंग झाला, त्याचा क्रमांक व प्रत मिळावी. मिळाल्यावर खुलासा सादर करीन.’ पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतला, जुनी सवय. त्याला आज तेवीस दिवस झाले.

चपलांची मांडणी वहिनींनी आपणहून आत घेतली, कारण आग लागली तर जिन्याची वाट मोकळी हवी हे त्यांना नुसते सांगितल्यावर पटले. तुळस अजून दाराबाहेर आहे. क्रमांक आलेला नाही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा