मृतांशी बोलणारे साहित्य

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. हान कांग यांना २०२४ चे नोबेल जाहीर झाल्यावर तू उत्सुकतेने 'द व्हेजिटेरियन' हाती घेतलेस, निम्म्यावर ठेवून दिलेस, आणि आता विचारतोस की या कोरियन लेखकांचे मी एवढे काय घेऊन बसलो आहे. प्रश्न रास्त आहे. हे साहित्य मी इंग्रजी अनुवादांतून वाचत आलो आहे आणि ते तुझ्यापर्यंत पोहोचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'द व्हेजिटेरियन' मोठेच पुस्तक आहे. पण ते आधी वाचले की मांसाहार सोडून हळूहळू झाड होऊ पाहणाऱ्या एका बाईची विलक्षण गोष्ट तेवढी हाती लागते आणि तिच्या नकारामागे केवढी हिंसा उभी आहे हे बाहेरच्या वाचकाला उमगत नाही. ती उमगायची असेल तर याच लेखिकेच्या 'ह्यूमन अ‍ॅक्ट्स'पासून सुरुवात कर.

हान कांग यांचा जन्म १९७० चा, दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरातला. १९८० च्या आरंभी त्यांचे कुटुंब सोलला राहायला गेले आणि त्यानंतर काही महिन्यांतच, मे महिन्यात, ग्वांगजूमध्ये लष्करी राजवटीविरुद्ध उठाव झाला. सत्ता बळकावलेले सेनानी चुन डू-ह्वान यांच्या हुकमतीखालच्या सैन्याने विद्यार्थ्यांवर, कामगारांवर, रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांवर संगिनी आणि बंदुका चालवल्या. नागरिकांनी काही दिवस शहर स्वतःच्या ताब्यात ठेवले आणि २७ मेच्या पहाटे सैन्य रणगाड्यांसह पुन्हा आत शिरले. पुढे कित्येक वर्षे या घटनेबद्दल उघडपणे बोलण्याचीही सोय नव्हती. घरातल्या मोठ्यांनी दडवून ठेवलेला मृतांच्या छायाचित्रांचा एक अल्बम लहानपणी हान कांग यांच्या हाती लागला होता. त्यावरची कादंबरी यायला मात्र २०१४ साल उजाडले.

कादंबरीचे पहिले प्रकरण एका व्यायामशाळेत घडते. तिथे ओळीने प्रेते ठेवलेली आहेत आणि डाँग-हो नावाचा एक शाळकरी मुलगा वहीत त्यांची नोंद करतो आहे: पुरुष की स्त्री, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, पायातले बूट, आणि मग क्रमांक. कुजल्याचा वास थोडा तरी मरावा म्हणून प्रत्येकाच्या उशाशी बाटलीत मेणबत्ती लावलेली आहे. ज्यांना सैन्यानेच मारले त्यांच्या शवपेट्यांवर राष्ट्रध्वज का पांघरायचा आणि त्यांच्यापुढे राष्ट्रगीत का म्हणायचे, असा साधा प्रश्न हा मुलगा विचारतो. मारणारे सेनानीच बंडखोर आहेत, ते म्हणजे देश नव्हे, असे त्याला उत्तर मिळते, आणि त्याचे समाधान होत नाही. हे सगळे प्रकरण त्या मुलाला 'तू' म्हणत लिहिले आहे. त्या 'तू'चा अर्थ आपल्याला हळूहळू कळतो: ज्याला हाक मारली जाते आहे तो आता ऐकायला नाही. दुसऱ्या प्रकरणात त्याच्या मेलेल्या मित्राचा आत्मा बोलतो, पुढे तुरुंगात छळ सोसलेला माणूस बोलतो, कापडगिरणीतली कामगार स्त्री येते, आणि तीस वर्षांनंतर डाँग-होची आई आपल्या मुलाशी बोलत राहते.

मला या साहित्याबद्दल तुला जे सांगायचे आहे ते एवढेच, की त्याचा गाभा इथे आहे. कोरियात विसाव्या शतकात माणसे इतक्या वेळा आणि इतक्या गुपचूप मारली गेली, आणि त्यांच्यासाठी रडण्यालाही इतकी दीर्घ बंदी राहिली, की त्या देशाच्या आजच्या गद्य-पद्याने मृतांशी बोलण्याचे आणि त्यांना बोलते करण्याचे काम अंगावर घेतले. किम हेसून या कवयित्रीचे 'ऑटोबायोग्राफी ऑफ डेथ' वाचशील तेव्हा हे तुला लख्ख दिसेल. मृत्यूनंतर पुढच्या जन्मापर्यंत आत्मा एकोणपन्नास दिवस भटकतो या बौद्ध समजुतीवर त्या संग्रहाची बांधणी आहे. दिवसाला एक याप्रमाणे ४९ कविता. पहिल्या दिवशी कामावर निघालेली एक बाई भुयारी रेल्वेत मरते, आपलेच पडलेले शरीर पाहते आणि तशीच, शरीरावाचून, कचेरीच्या वाटेला लागते. इथेही सारे बोलणे 'तू'शीच आहे. एप्रिल २०१४ मध्ये सेवोल नावाची बोट बुडून ३०४ माणसे गेली, त्यांत बहुतेक सहलीला निघालेली शाळेतली मुले होती. त्या मुलांचे मरणही या कवितांत मिसळले आहे. डॉन मी चोई यांच्या अनुवादाला २०१९ चे ग्रिफिन काव्य पारितोषिक मिळाले. चोई स्वतः कवयित्री आहेत आणि वर्षानुवर्षे किम हेसून यांच्याच कवितांचे अनुवाद करत आल्या आहेत. एका कवीला असा एक अनुवादक लाभणे हे केवढे भाग्य!

अनुवादाचा विषय निघालाच आहे, तर 'द व्हेजिटेरियन'भोवती उठलेल्या वादाबद्दलही सांगतो. २०१६ मध्ये त्या पुस्तकाला मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि रक्कम लेखिका व अनुवादिका डेबोरा स्मिथ यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. नंतर कोरियन जाणकारांनी अनुवादातल्या चुका दाखवल्या आणि मुळातला कोरडा, शांत सूर इंग्रजीत नको तितका नटवला गेला अशी तक्रार केली. चुका होत्या हे स्मिथ यांनीही मान्य केले. तरीही त्यांचाच 'ह्यूमन अ‍ॅक्ट्स' मी तुला निःशंकपणे देईन. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी ग्वांगजूची बोली इंग्रजीत कशी आणावी या अडचणीचा प्रांजळ ऊहापोह केला आहे, आणि आईचे प्रकरण वाचताना त्यांच्या साध्या, घरगुती इंग्रजीतून ती म्हातारी समोर बसून बोलते आहे असेच वाटते.

यानंतर शिन क्युंग-सूक यांचे 'प्लीज लुक आफ्टर मॉम' घे. सोल स्थानकावरच्या गर्दीत एक म्हातारी हरवते आणि मुले पत्रकावर तिचे वर्णन लिहू लागतात, तेव्हा त्यांना कळते की आपल्याला आई फारशी ठाऊकच नाही. मुलगी लेखिका आहे आणि आईला वाचता येत नाही. इथे राजकारण नाही, पण हरवलेल्या माणसाला उशिरा मारलेली हाक तीच आहे. चो नाम-जू यांची 'किम जियंग, बॉर्न १९८२' दहा लाखांहून अधिक खपली आणि तिने स्त्रियांच्या रोजच्या अपमानावर देशभर वाद पेटवला; सामाजिक दस्तऐवज म्हणून ती जरूर वाचावी, कादंबरी म्हणून मला ती पातळ वाटली.

ह्वांग सोक-यंग यांच्या 'द गेस्ट'साठी मात्र सवड काढ. १९८९ मध्ये त्यांनी परवानगीविना उत्तर कोरियाला भेट दिली आणि परतल्यावर काही वर्षे तुरुंगात काढली. उत्तरेतल्या सिनचॉन परगण्यात १९५० मध्ये, कोरियन युद्धाच्या काळात, झालेल्या कत्तलीचा दोष तिथले सरकार अमेरिकन सैन्याला देते. ह्वांग दाखवतात की ख्रिस्ती आणि कम्युनिस्ट शेजाऱ्यांनीच एकमेकांना मारले. मारणारे आणि मेलेले दोघेही भुते होऊन एकत्र येतात आणि आळीपाळीने साक्ष देतात, आणि कादंबरीची बारा प्रकरणे मृतात्म्यांना निरोप देण्याच्या पारंपरिक विधीच्या बारा टप्प्यांवर रचलेली आहेत. कुणाला दोषमुक्त न करता सगळ्यांना बोलू देण्याचे असे धैर्य मी फार थोड्या कादंबऱ्यांत पाहिले आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये हान कांग नोबेल स्वीकारायला स्टॉकहोमला गेल्या, त्याच आठवड्यात सोलमध्ये राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला आणि काही तासांत संसदेने तो रद्द केला. नोबेल व्याख्यानात त्यांनी सांगितले, की जिवंत माणसे मृतांना वाचवू शकतात का हा आपला जुना प्रश्न ग्वांगजूवर लिहिताना उलटा झाला: मृत माणसे जिवंतांना वाचवू शकतात का? त्या डिसेंबरमध्ये हा प्रश्न किती जवळ आला होता याचा विचार कर.

'ह्यूमन अ‍ॅक्ट्स' आणि 'द गेस्ट' या दोन्ही प्रती टपालाने पाठवतो आहे. किम हेसून यांचा संग्रह भेटीत देईन. पहिले पुस्तक संपले की मला एका गोष्टीबद्दल नक्की लिही. शेवटच्या प्रकरणात लेखिका स्वतः ग्वांगजूला जाते आणि आपण ही कथा का लिहिली ते सांगते. ते प्रकरण हवेच होते की आईच्या बोलण्यावर पुस्तक थांबायला हवे होते, याबाबत माझे मत अजून डळमळीत आहे आणि तुझे ऐकल्याशिवाय ते ठरणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनकर