सोमवारपासून तू फोनवर बसणार

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालास, प्रशिक्षण संपलं, सोमवारपासून अत्याचार सोसणाऱ्यांच्या हेल्पलाइनवर बसणार, आणि मी नुसतं "बरं" म्हटलं. तुला वाटलं असेल, आईला आवडलं नाही. आवडलं रे. फोन ठेवल्याठेवल्या शेजारच्या काकूंना सांगून आले. पण मनात होतं ते तेव्हा बोलले असते तर तू चिडला असतास, म्हणून लिहिते आहे.

तुला राग लवकर येतो. एवढंच सांगायचं आहे.

एखादी बाई रडत रडत सगळं सांगेल, पत्ताही सांगेल, आणि तू त्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहशील, ही माझी भीती. तू म्हणशील, आम्हाला तसं करायची परवानगीच नाही. मोठ्या मामाला तरी कुणी दिली होती? धाकट्या मावशीच्या घरी जाऊन त्यानं तिच्या नवऱ्याची कॉलर धरली, दोन लगावल्या. घरी परतल्यावर त्याचं केवढं कौतुक झालं! भोगलं ते मावशीनं. तिची पत्रं थांबली, शेजारी जाणं बंद झालं, आणि कुणी विचारलं की "छान आहे" म्हणायची. पुढचं तुला माहीत आहे.

ती निघून का आली नाही, असं तू लहानपणी विचारायचास. तू पाठवलेल्या पुस्तिकेत त्याचं उत्तर मिळालं: बाई निघायचं ठरवते किंवा नुकतीच निघालेली असते, तेव्हाच तिच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका. म्हणून कधी निघायचं, कागदपत्रं कुठे ठेवायची, मुलांना काय सांगायचं, हे तिलाच ठरवू दे. "आत्ताच्या आत्ता बाहेर पड" म्हणणारा तिच्या आयुष्यात आणखी एक हुकूम सोडणारा. त्यानं कधी गळा दाबला होता का, हे मात्र विचार. वळ दिसत नसला तरी आत इजा झालेली असू शकते, आणि असा माणूस पुढे जीव घेण्याची भीती कितीतरी वाढते. तिनं सांगितल्याशिवाय उलटा फोन करू नकोस, तो त्याच्याच हातात असायचा.

बलात्कारानंतर कुणी फोन केला तर आधी उपचार. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणूनचं औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांपर्यंत, आणि दोन्ही जितकी लवकर तितकी बरी. पुराव्यासाठी कपडे कागदी पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकच्या नाही. तिनं आधीच आंघोळ केली असेल तर "अरेरे" म्हणू नकोस, तरीही तपासणी करता येते. "ओरडली का नाहीस" हे तर विचारूच नकोस. भीतीनं अंग गोठतं, आवाज फुटत नाही. ती सज्ञान असेल तर पोलिसांत जायचं की नाही, हेही तिचं तिनं ठरवायचं.

बघ, तुझीच पुस्तिका तुलाच शिकवत बसले. माफ कर.

आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा ती तीच तीच गोष्ट सांगायची. ताई उठून जायची, मी कामाचं निमित्त काढायचे. तू बसून ऐकायचास, "हे सांगून झालंय" असं एकदाही म्हणाला नाहीस. तिचे पाय दाबत असायचास, आणि ती मध्येच झोपली की हळूच पांघरूण ओढायचास. तुझ्या त्या कानांवर माझा भरवसा आहे. हातांवर नाही.

एखादीला पुरुषाचा आवाज नको वाटेल. मनाला लावून घेऊ नकोस, फोन बाईमाणसाकडे दे. आणि पुरुषांवरही हे गुदरतं, मुलग्यांवरही. त्यांना बोलतं करायला तुझाच उपयोग होईल.

शिफ्ट संपल्यावर तुमच्या वरिष्ठांशी बोलायची सोय आहे म्हणालास, ती चुकवू नकोस. ऐकून ऐकून ऐकणाऱ्याचीही झोप उडते. आणि राग आला तर तो त्यांच्यासमोरच काढ, जाब विचारायला कुठे जाऊ नकोस.

परत तेच लिहिलं. असू दे.

तुझी,
आई

ता. क. घरी फोन करशील तेव्हा त्या बायकांबद्दल मला काही सांगू नकोस, मी विचारलं तरी. आणि मी विचारणार, हे धरून चाल.