नळातला क्षार नव्हे

चि. ओवी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, कॅल्शियमच्या गोळ्या बंद करा, तेच रक्तवाहिन्यांत जाऊन बसतंय." खरं सांगू? सीटी स्कॅन बघताना मीही हेच म्हणालो होतो. पडद्यावर हृदयालगत पांढरे ठिपके, अगदी बरगड्यांइतके पांढरेशुभ्र. म्हटलं, जुन्या नळाला क्षार धरतो तसंच हे. त्यानंतर पंधरा दिवस चष्मा लावून वाचत बसलो आणि नळाची उपमा मोडीत काढली.

नळ मेलेला असतो, रक्तवाहिनीची भिंत जिवंत असते. तिच्यात स्नायूंच्या पेशी असतात. त्यांचं काम आकुंचन-प्रसरणाचं. हाडाची पेशी काय नि ही काय, जनुकांची पोथी एकच; कुठलं पान उघडं ठेवायचं एवढाच फरक. रक्तात फॉस्फेट वाढलं, मूत्रपिंडं थकली, दाह बरेच दिवस राहिला, की या पेशींत 'रंक्स-टू' नावाचं जनुक जागं होतं. हाड घडवणाऱ्यांचा हा मुकादमच. तो आला की आकुंचनाची जनुकं मंदावतात आणि स्नायूची पेशी हाडाच्या पेशीसारखी वागू लागते. खनिजही हाडातलंच, हायड्रॉक्सीॲपटाइट.

उंदरांवरचे दोन प्रयोग माझ्या डोक्यातून जात नाहीत. दोन्ही १९९७ सालचे. एकात रंक्स-टू काढून टाकलं, तर पिल्लं नुसत्या कूर्चेचा सांगाडा घेऊन जन्मली, हाड म्हणून नाही. दुसऱ्यात 'एमजीपी' हे प्रथिन बनवणारं जनुक काढलं. सांगाडा होता, पण धमन्या कडक होत गेल्या आणि दोन महिन्यांच्या आत फुटून ती मेली. त्यांना कुणी जास्तीचं कॅल्शियम चारलं नव्हतं गं! फक्त 'इथे खनिज नको' म्हणणारा पहारेकरी गेला होता. या पहारेकऱ्याला कामाला लागायला व्हिटॅमिन के लागतं, आणि रक्त पातळ करणारं वॉर्फरिन नेमकं तिथेच आडवं येतं. (पण म्हणून ते कुणी आपल्या मनानं थांबवायचं नसतं, हे तुझ्या काकाला सांग. तो ऐकणार नाही, तरी सांग.)

मुकादमाला आवरणारेही आहेत. मायक्रोआरएनए म्हणजे जनुकाचा निरोप अर्ध्या वाटेत अडवणारे चिमुकले तुकडे. त्यातला २०४ क्रमांकाचा रंक्स-टूला दाबून ठेवतो, आणि उंदरांच्या कडक होत चाललेल्या धमन्यांत तोच कमी झालेला आढळला. यावर औषध निघेल का, हा माझा पुढचा प्रश्न होता. पण हाडांतला रंक्स-टू शाबूत ठेवून फक्त धमनीतला गप्प करायचा, ही सोपी गोष्ट नाही.

तेव्हा गोळ्यांचं डॉक्टर ठरवतील, तू नाही आणि मीही नाही. मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि सोबत फॉस्फरस सोमवारी तपासून घेतो. रिपोर्टचा फोटो पाठवीन, या वेळी सरळ काढलेला.

तुझे,
बाबा